लॉर्ड टिलबरी यांच्या मूर्खपणाची थोरवी

शहाण्या माणसांचं विनोदी साहित्यावर फारसं ऋण नाही. शहाणा माणूस आपल्या कामाशी काम ठेवतो, दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही, हाती न लागणाऱ्या गोष्टीचा नाद वेळीच सोडतो. त्याच्यावर कादंबरी लिहायला बसलं तर दुसऱ्या प्रकरणातच लेखकाचं काम संपेल. कादंबरी उभी राहते ती नाद न सोडणाऱ्या माणसावर. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांना दिला, आणि शेवटचा समास पढतमूर्खांसाठी राखून ठेवला. आपली स्तुती आपणच करणारा मूर्ख त्या यादीत अगदी आरंभी भेटतो. माणसांनी ती लक्षणं टाकावीत म्हणून समर्थांनी ती मांडली. पण एका गृहस्थाने ती चाळीस वर्षं टाकली नाहीत, म्हणून त्याचा गौरव करणं मला अगत्याचं वाटतं. त्याचं नाव लॉर्ड टिलबरी.

पी. जी. वुडहाउस यांच्या पाच कादंबऱ्यांत हे गृहस्थ येतात. १९२४ च्या ‘बिल द काँकरर’मध्ये ते प्रथम भेटतात ते सर जॉर्ज पाइक म्हणून, उमरावकीच्या उंबरठ्यावर. १९२५ च्या ‘सॅम द सडन’पासून ते लॉर्ड. मग १९३३ चं ‘हेवी वेदर’, १९६१ चं ‘सर्व्हिस विथ अ स्माइल’ आणि १९६४ चं ‘फ्रोझन अ‍ॅसेट्स’. मॅमथ पब्लिशिंग कंपनीचे ते संस्थापक आणि सर्वेसर्वा. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळ टिलबरी स्ट्रीट, त्यावर टिलबरी हाउस, आणि त्यात आपल्या दालनाच्या खिडकीशी उभे लॉर्ड टिलबरी. बुटके, लठ्ठ, मान आखूड आणि चेहऱ्यावर नेपोलियनचा भाव. त्यांच्या कारखान्यातून ‘सोसायटी स्पाइस’ निघतं, त्यात बड्या घरांतल्या कुलंगड्यांची खमंग चर्चा. ‘पाइक्स होम कम्पॅनियन’ निघतं, त्यात आंट इझोबेल या नावाने प्रेमात पोळलेल्या वाचकांना सल्ले. आणि ‘टायनी टॉट्स’ निघतं, ते पाळणाघरातल्या बाळांसाठी. थोडक्यात, जन्मल्यापासून अब्रू जाईपर्यंत माणसाला जे जे वाचायला लागतं ते सगळं एकाच छताखाली छापून मिळतं.

हा माणूस वुडहाउसने हवेतून काढलेला नाही. अभ्यासक त्याचा मूळ पुरुष म्हणून आल्फ्रेड हार्म्सवर्थ, म्हणजे लॉर्ड नॉर्थक्लिफ यांच्याकडे बोट दाखवतात, आणि ते पटतं. हार्म्सवर्थ १८६५ चे. १८८८ साली त्यांनी ‘आन्सर्स’ काढलं. वाचकांनी प्रश्न विचारायचे आणि साप्ताहिकाने उत्तरं द्यायची. पुढच्याच वर्षी त्यांनी स्पर्धा लावली: ठरलेल्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडमध्ये सोनं किती असेल याचा अंदाज करा आणि जन्मभर आठवड्याला एक पौंड मिळवा. सात लाखांवर उत्तरं आली. १८९० मध्ये ‘कॉमिक कट्स’, १८९६ मध्ये अर्ध्या पेनीचं ‘डेली मेल’, १९०३ मध्ये ‘डेली मिरर’, आणि १९०८ मध्ये तर प्रत्यक्ष ‘टाइम्स’ त्यांनी ताब्यात घेतला. त्यांच्या नियतकालिकांच्या कंपनीचं नाव अमाल्गमेटेड प्रेस. मॅमथ हे नाव त्याच घराण्यातलं वाटावं असं आहे. १९०५ मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा नॉर्थक्लिफ ही पदवी निवडल्यामुळे त्यांना पत्राखाली नुसतं ‘एन’ लिहिता येऊ लागलं, नेपोलियन लिहायचा तसं. फाँतेनब्लोच्या राजवाड्यात त्यांनी नेपोलियनची टोपी डोक्यावर घालून पाहिली आणि ती बरोबर बसल्याचं जाहीर केलं, अशीही आख्यायिका आहे.

इथं एका गोष्टीकडे लक्ष वेधायला हवं. नॉर्थक्लिफ यांचा मूर्खपणा आणि लॉर्ड टिलबरी यांचा मूर्खपणा वरवर सारखे दिसले तरी त्यांची जात वेगळी आहे. नॉर्थक्लिफ यांच्या हाती सत्ता होती. मे १९१५ मध्ये त्यांच्या ‘डेली मेल’ने तोफगोळ्यांच्या तुटवड्यावरून युद्धमंत्री किचनर यांच्यावर तोफ डागली. संतापलेल्या लोकांनी लंडनच्या स्टॉक एक्स्चेंजमध्ये अंकाची होळी केली, तरी ते बधले नाहीत. अ‍ॅस्क्विथ या पंतप्रधानांचं मंत्रिमंडळ डळमळीत करण्यात त्यांचा वाटा होता आणि १९१८ मध्ये शत्रुराष्ट्रांतल्या प्रचाराचं खातंच त्यांच्याकडे आलं. अशा माणसाच्या डोक्यावर नेपोलियनची टोपी बसली की पुढच्या गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत. लॉर्ड टिलबरींच्या डोक्यातही तीच टोपी आहे. मात्र त्यांची स्वारी रशियावर निघत नाही. ती निघते श्रॉपशायरला, एका डुकरिणीच्या खुराड्यापर्यंत, आणि तिथून मागे फिरते. साम्राज्याची हौस असलेल्या माणसाने निवडावा असा यापेक्षा निरुपद्रवी मार्ग मला माहीत नाही. त्यांच्या थोरवीची सुरुवात इथं होते.

ही स्वारी घडते ‘हेवी वेदर’मध्ये. ब्लँडिंग्ज कॅसलचे गॅलहॅड थ्रीपवुड यांनी आपल्या तरुणपणच्या आठवणी लिहिल्या आहेत. आज बिशप, सरदार आणि न्यायाधीश होऊन बसलेली मंडळी पूर्वी काय काय करत होती, याचा हा पक्का दस्तऐवज. शेजारचे सर ग्रेगरी पार्सलो यांचा कोळंबीचा किस्सा त्यात आहे, आणि तो इतका भयंकर असावा की वुडहाउस तो वाचकाला शेवटपर्यंत सांगत नाही. मॅमथने हे पुस्तक करार करून विकत घेतलेलं. पण आधीच्या ‘समर लाइटनिंग’मध्ये गॅलहॅडने भाच्याच्या लग्नाला घरच्यांची संमती मिळावी म्हणून पुस्तक मागे घ्यायचं कबूल केलेलं असतं. तसं पत्र टिलबरी हाउसमध्ये येतं, आणि लॉर्ड टिलबरींच्या डोळ्यांसमोरून पौंडांच्या राशी उठून चालू लागतात.

शहाण्या प्रकाशकाने अशा वेळी काय केलं असतं? वकिलाला बोलावलं असतं, नोटीस धाडली असती आणि जेवायला गेला असता. लॉर्ड टिलबरी स्वतः आगगाडीत बसतात. हाताखाली माणसांचं लष्कर असलेला मालक एका पुस्तकासाठी जातीने लेखकाच्या दारात उभा राहतो. हा व्यवहार म्हणून मूर्खपणा आहे यात शंका नाही. पण ज्याने आयुष्यात एखादं पुस्तक लिहिलं आहे त्याने छातीवर हात ठेवून सांगावं: आपल्या हस्तलिखितासाठी गाडी पकडून गावी येणारा प्रकाशक त्याला कधी भेटला आहे का? बहुतेकांना प्रकाशकाच्या कचेरीतल्या बाकावर बसून आढ्याच्या पंख्याकडे पाहण्याचाच अनुभव असतो.

गॅलहॅड पुस्तक देत नाही. देत नाही ते नाही, वर ‘स्टिंकर’ अशी हाक मारतो. हे लॉर्ड टिलबरींचं जुन्या दिवसांतलं टोपणनाव, अंगाला वास मारणारा अशा अर्थाचं. ज्या माणसापुढे कचेरीतले संपादक श्वास रोखून उभे राहतात त्याला असं कुणी हाक मारणं हा केवढा अपमान! तरीही माझ्या मते वुडहाउसने या पात्राला दिलेलं सर्वांत मोठं धन ते हेच. नॉर्थक्लिफ यांच्याजवळ सगळं होतं. ‘टाइम्स’ होता, पंतप्रधानांना हलवण्याची ताकद होती. त्यांना जुन्या टोपणनावाने हाक मारून भानावर आणणारा गॅलहॅड मात्र त्यांच्या आसपास कुणी दिसत नाही. सत्तेच्या माणसाभोवती होयबा जमतात आणि तो बिघडतो, हे आपण गल्लीच्या राजकारणापासून दिल्लीपर्यंत पाहत आलो आहोत. लॉर्ड टिलबरी पाच कादंबऱ्यांत बिघडले नाहीत याचं श्रेय त्या एका घाणेरड्या टोपणनावाला द्यायला हवं.

आता तो बटाट्याचा प्रसंग. चाळीस वर्षांच्या मूर्खपणात मला सर्वांत आदरणीय वाटतो तो हाच.

नकार पचवत, संतापाने फुरफुरत लॉर्ड टिलबरी कॅसलच्या आवारातून चालले आहेत. वाटेत एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्जचं खुराडं लागतं. एम्प्रेस म्हणजे कॅसलचे मालक लॉर्ड एम्सवर्थ यांची काळी बर्कशायर डुकरीण, श्रॉपशायरच्या कृषी प्रदर्शनात पुष्ट वराहांच्या गटात रौप्यपदक मिळवलेली. एक बटाटा कठड्यापलीकडे पडला आहे. तिचं तोंड तिथवर पोचत नाही. ती धडपडते आहे. लॉर्ड टिलबरी थांबतात. फ्लीट स्ट्रीटचा हा नेपोलियन, ज्याची मान आजवर कुणापुढे वाकली नाही, तो वाकतो, बटाटा उचलतो आणि तिच्या पुढे धरतो. त्यात नफा नाही, प्रसिद्धी नाही, कंत्राटही नाही. एका भुकेल्या जनावराला त्याचा घास मिळावा एवढंच.

आणि नेमका त्याच क्षणी पिरब्राइट हा डुकरांचा रखवालदार त्यांना मागून धरतो. शेजारच्या पार्सलोची माणसं डुकरिणीला विष घालायला टपली आहेत असं मालकाने त्याला बजावून ठेवलेलं. हातात बटाटा घेऊन खुराड्याशी वाकलेला अनोळखी जाडा माणूस, आणखी पुरावा कशाला हवा? मॅमथ पब्लिशिंग कंपनीचे अध्यक्ष एका शेडमध्ये कोंडले जातात.

हा प्रसंग वाचून माणसं हसतात, आणि हसावंच. पण वुडहाउसने केलेली गंमत नीट पाहावी. धाकदपटशा करताना, लोकांची लफडी छापून पैसा ओढताना, माणसांना नोकरीवरून काढताना लॉर्ड टिलबरींना कुणी हात लावला नाही. आयुष्यातलं एक निव्वळ भलं काम करताना ते पकडले गेले. दुसऱ्या एखाद्या लेखकाने अशा बड्या धेंडाला दुष्कृत्यात पकडलं असतं आणि वाचकाला सुडाचं समाधान दिलं असतं. वुडहाउसने त्याला दयेच्या भरात पकडलं. त्यामुळे शेडमध्ये कोंडलेल्या त्या माणसाबद्दल आपल्याला नकळत माया वाटू लागते, आणि बड्या माणसाबद्दल माया वाटायला लावणं हे त्याला शिव्या घालण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

‘टायनी टॉट्स’चं प्रकरणही याच कादंबरीतलं. संपादक रजेवर गेलेले असताना मॉन्टी बॉडकिन या साहाय्यकाने बालगोपाळांसाठीच्या ‘अंकल वॉगली’ सदरात दारूच्या गुत्त्यात व्हिस्कीच्या बाटलीवरून पैज कशी मारावी याची माहिती घातली. लॉर्ड टिलबरींच्या ते नजरेस पडलं आणि मॉन्टी रस्त्यावर आला. इतकी नियतकालिकं काढणाऱ्या मालकाने बाळांचं साप्ताहिक स्वतः वाचावं हे कुणालाही खुळेपणाचं वाटेल. मला ते वाचकाबद्दलच्या आदराचं लक्षण वाटतं. आपण जे छापतो ते कुणीतरी खरंच वाचणार आहे आणि तसं वागणार आहे, असं मानणारा मालक आज कुठे आहे? आणि पुढे गरज पडताच त्याच मॉन्टीला नोकरीचं आमिष दाखवून हस्तलिखित पळवायच्या कामी लावण्याचा मोकळेपणाही लॉर्ड टिलबरींपाशी आहे. एवढं करून शेवटी ते हस्तलिखित कुणाला मिळतं? एम्प्रेसला. ती ते खाते. इंग्लंडच्या अर्ध्या सरदारांची अब्रू एका डुकरिणीच्या पोटात सुखरूप राहते.

मराठी वाचकाला ही जात नवी नाही. ‘हेवी वेदर’ आलं त्याच १९३३ साली अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आलं, आणि त्यातल्या रावबहादुरांनी सूर्यनमस्कारांवर अख्ख्या जगाचं आरोग्य उभं करण्याचा ध्यास घेतला होता. रावबहादूर काय आणि लॉर्ड काय, किताब देणारं सरकार एकच. पु. ल. देशपांडे वुडहाउसचे निस्सीम चाहते होते, आणि मराठी घरांत वुडहाउस पोचवण्यात पु. लं.च्या त्या प्रेमाचा वाटा आहे. आपल्याकडच्या वाचकाला ब्लँडिंग्ज कॅसल परका वाटत नाही, कारण मोठ्या वाड्यातला विक्षिप्त धनी, कारस्थानी बहिणी आणि पाहुणा म्हणून येऊन ठाण मांडणारी मंडळी त्याने पाहिलेली असतात.

लॉर्ड टिलबरींचा एक चुलतभाऊ शोभेल असा वृत्तपत्रसम्राट एव्हलिन वॉ यांनी १९३८ च्या ‘स्कूप’मध्ये रंगवला, तो लॉर्ड कॉपर. वॉ स्वतः ‘डेली मेल’चे वार्ताहर म्हणून अ‍ॅबिसिनियाला जाऊन आलेले. त्यांच्या लॉर्ड कॉपरला त्याची माणसं कधीच नाही म्हणत नाहीत. त्याचं बरोबर असेल तर निःसंशय म्हणतात, आणि चुकत असेल तर एका मर्यादेपर्यंत म्हणतात. हे चित्र अफाट आहे, पण त्यात दात आहेत. लॉर्ड कॉपरवर आपण हसतो तेव्हा त्याचा तिरस्कार करत असतो. लॉर्ड टिलबरींच्या बाबतीत तसं होत नाही, आणि म्हणून मला दोघांत लॉर्ड टिलबरी थोर वाटतात.

वुडहाउसला दात दाखवायला कारण नव्हतं असं कुणी म्हणू नये. नॉर्थक्लिफ यांच्यामागे त्यांचे भाऊ लॉर्ड रॉदरमियर यांच्याकडे ‘डेली मेल’ आलं. जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी त्यात ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी मोस्ली याच्या काळ्या डगलेवाल्यांचा जयजयकार करणारा लेख स्वतःच्या नावाने लिहिला. वुडहाउसने १९३८ च्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’मध्ये रॉडरिक स्पोडला काळ्या अर्ध्या चड्ड्यांची सेना काढायला लावून मोस्लीची ती सगळी कवाईत हास्यास्पद करून टाकली. मग १९४० मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांनी वुडहाउसला पकडलं, वर्षभर स्थानबद्ध ठेवलं. १९४१ मध्ये सुटल्यावर त्याने बर्लिनहून अमेरिकेसाठी आपल्या तुरुंगवासाबद्दल काही हलकीफुलकी भाषणं केली. ती करायला नको होती. पण त्यावर ब्रिटिश वृत्तपत्रांनी जे तोंडसुख घेतलं ते चुकीच्या मापाबाहेरचं होतं. बीबीसीवरून त्याला देशद्रोही ठरवणारं भाषण ज्याने केलं तो ‘डेली मिरर’चा स्तंभलेखक होता, आणि ‘डेली मिरर’ हे हार्म्सवर्थ यांनीच काढलेलं पत्र. बरोबर वीस वर्षांनी, जुलै १९६१ मध्ये, एव्हलिन वॉ यांनी त्याच बीबीसीवरून वुडहाउसची बाजू घेतली आणि त्या अन्यायाची भरपाई केली.

त्याच १९६१ साली वुडहाउसने काय केलं? लॉर्ड टिलबरींना परत बोलावलं. फ्लीट स्ट्रीटने ज्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली त्या लेखकाच्या हातात फ्लीट स्ट्रीटचा धनी सापडलेला. वयाच्या ऐंशीव्या वर्षी हिशेब चुकता करायला यापेक्षा चांगली संधी कुठली? ‘सर्व्हिस विथ अ स्माइल’मध्ये लॉर्ड टिलबरींना वुडहाउसने एकच शिक्षा दिली आहे. त्यांना एम्प्रेस हवी आहे. ज्या डुकरिणीपायी शेडमध्ये कोंडून घ्यावं लागलं, जिने पुस्तक खाल्लं, तिच्यावरच त्यांचं मन बसलं आहे. ती विकत मिळावी म्हणून ते पैसे मोजायला तयार आहेत, आणि ड्यूक ऑफ डन्स्टेबल ती चोरून त्यांना विकायच्या खटपटीत आहे. अर्थातच डुकरीण काही त्यांना मिळत नाही. कडवटपणाचा एक शब्द त्या पुस्तकात नाही.

शेवटची भेट १९६४ ची. ‘फ्रोझन अ‍ॅसेट्स’मध्ये लॉर्ड टिलबरींच्या भावाने सगळी दौलत बिफ या तरुणाला ठेवली आहे. अट एकच, तिशी उलटेपर्यंत बिफला अटक होता कामा नये. झाली तर पैसा लॉर्ड टिलबरींना. आधीच गडगंज असलेला हा वृद्ध मग त्या पोराला पोलिसांच्या हाती सापडवण्यासाठी कादंबरीभर घाम गाळतो, आणि ‘सोसायटी स्पाइस’ एके काळी चालवणाऱ्या पर्सी पिल्बीमला त्यासाठी भाड्याने घेतो. गरज नसलेल्या पैशासाठी एवढी धावपळ करणारा माणूस मूर्खच. पण चार कादंबऱ्यांतल्या चार फजित्यांनंतरही तो आपल्या विजयाबद्दल इतका निःशंक आहे की त्या निष्ठेला नमस्कार करावासा वाटतो. अनुभवाने शहाणा झालेला लॉर्ड टिलबरी आपल्याला चालला नसता. तो पाचव्या पुस्तकात आलाच नसता.

वृत्तपत्रांचे आणि वाहिन्यांचे मालक आजही आहेत, आणि कित्येकांच्या डोक्यावर ती टोपी आहे. त्यांच्यातला कुणी खुराड्याशी वाकून बटाटा पुढे करील असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटते. ज्यांना लॉर्ड टिलबरी अजून भेटले नसतील त्यांनी आधी ‘समर लाइटनिंग’ वाचावं आणि मागोमाग ‘हेवी वेदर’. क्रम उलटा करू नये, हस्तलिखिताची भानगड कळणार नाही.